शिल्लकचे नऊ रातकिडे

किडेताईकडे पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक हटकून एकच वाक्य बोलतं. "चांगले मोठेसे द्या हो," म्हणतं, जसं काही भाजी घ्यायला आलंय.

त्यावर किडेताई चष्म्याच्या वरून बघते आणि विचारते, "तुमच्या बेडकाच्या दोन डोळ्यांमध्ये अंतर किती?"

गिऱ्हाईक गडबडतं. लग्नाला वीस वर्षं होऊनही ज्याला बायकोच्या डोळ्यांचा रंग सांगता येत नाही, तो बेडकाच्या डोळ्यांमधलं अंतर काय सांगणार? मग किडेताई कागदाची एक पट्टी त्याच्या हातात ठेवते. घरी जायचं, पट्टी बेडकाच्या डोक्यावर धरायची, डोळ्यांपाशी दोन खुणा करायच्या आणि परत यायचं. त्या दोन खुणांमध्ये जो मावतो तोच किडा त्या बेडकाचा. त्याहून मोठा घशाशी अडकतो, आणि फारच लहान असला तर बेडूक त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. अशा सगळ्या पट्ट्या स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेल्या असतात. प्रत्येकीवर बेडकाचं नाव. ढब्बू, राणीसाहेब, इन्स्पेक्टर. सगळ्यांत खाली, पिवळी पडलेली, कडा कुरतडल्यासारखी झालेली पट्टी आहे. तिच्यावर लिहिलंय, शिल्लक.

दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. मागची गॅलरी तिने काचा लावून बंद करून घेतली आहे. तिथे रॅकवर चौदा टब, टबांत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे रचलेले, आणि ट्रेच्या खळग्या-खळग्यांत रातकिडे. विकायच्या आधी दोन दिवस त्यांना गाजर, पालेभाजी, भिजवलेलं धान्य असं पोटभर घालायचं, कारण रातकिड्याच्या पोटात जे असतं तेच शेवटी बेडकाच्या पोटात जातं. हे ती प्रत्येकाला सांगते. एखाद्याला दोनदा सांगते. निघताना किडे कॅल्शियमच्या पुडीत घोळवून देते, तेव्हा ते पीठ मळताना दचकलेल्या बाईसारखे पांढरे होऊन डब्यात उड्या मारतात.

घरात तिची भावजय राहते, धाकट्या भावाची बायको. भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून घरात दोघीच राहतात आणि रोज भांडतात, आणि भांडण झालं नाही तर दोघींना चुकल्यासारखं होतं. भावजयीची अट एकच होती. "वन्सं, पाळा काय पाळायचे ते. पण एक जरी किडा माझ्या स्वयंपाकघरात दिसला ना, तर मी तरी राहीन नाहीतर ते तरी."

"अगं, एकही बाहेर येत नाही," किडेताई म्हणाली होती. "झाकणं बघ कशी घट्ट आहेत."

हे साफ खोटं होतं. टबाचं झाकण उघडलं, की चार-सहा रातकिडे तिच्या हातावर तुरी देऊन पसार व्हायचेच. म्हणून ती रोज भावजयीच्या आधी तासभर उठायची, अंड्याचा एक ट्रे ओट्याखाली आणि एक रॅकच्या मागे ठेवायची. उजेड झाला की पळपुटे लपायला बरोबर त्या ट्रेमध्ये शिरायचे. मग ती ट्रे हलक्या हाताने उचलायची आणि डब्यावर झटकायची. नऊ वर्षांत भावजयीला ताकास तूर लागू दिली नव्हती, आणि याचा तिला मनातून थोडा अभिमानही होता.

ही झाली किडेताईची आजची ओळख. पण तिचं अर्धं आयुष्य याच्या अगदी उलट गेलेलं आहे.

सव्वीस वर्षं ती एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. मुलांच्या प्रात्यक्षिकाला बेडूक लागायचे, ते तयार करून ठेवणं तिचं काम. तयार करणं म्हणजे मारणं. डाव्या हातात बेडूक धरायचा, मागचे पाय करंगळी आणि अनामिकेत अडकवायचे, तर्जनीने नाक खाली दाबायचं. डोकं वाकलं, की मानेशी एक खळगा लागतो. अंगठ्याने तो चाचपायचा आणि उजव्या हातातली सुई तिथे घालायची. क्षणात काम व्हायचं. सर म्हणायचे, बाईंचा हात असा आहे, की बेडकाला कळतसुद्धा नाही. ती मान खाली घालून हसायची. त्या वेळी तिला ते कौतुक वाटायचं. किती मारले ते तिने मोजलं नाही, आणि आता मोजायची हिंमत नाही.

मग एका वर्षी वरून पत्र आलं, यापुढे बेडूक कापायचे नाहीत. शेवटच्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी टबात बारा बेडूक होते आणि मुलं आली अकरा. बारावा टबाच्या कोपऱ्यात तिच्याकडे बघत बसला होता. लहानसाच होता, अंगठ्याएवढा रुंद. सर म्हणाले, "तो शिल्लक राहिला, त्याचं काय ते बघा." ती बघत राहिली. तिचा हात काही पुढे होईना. संध्याकाळी तो डब्यात घालून ती कॉलेजसमोरच्या घड्याळाच्या दुकानात गेली. प्रयोगशाळेतलं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला टाकलेलं होतं, तेवढीच ओळख. घरी तेव्हा भाऊ आजारी होता आणि बेडूक नेणं शक्य नव्हतं. घड्याळवाल्यांनी डोळ्याला लावायचं भिंग वर सारलं, डब्यात डोकावले आणि विचारलं, "काय खातो?"

हे तिला ठाऊक नव्हतं. सव्वीस वर्षं बेडकांत काढून बेडूक काय खातो याचा तिने कधी विचारच केला नव्हता. त्याच्यासाठी म्हणून तिने पहिला टब आणला. बाकी तेरा टब, ढब्बू, राणीसाहेब, किडेताई हे नाव, हे सगळं त्यामागून आलं. त्याला चौदा वर्षं झाली. शिल्लक आता म्हातारा झाला आहे, उजव्या डोळ्यावर पांढरट सारा आला आहे, आणि गेले वीस दिवस त्याने काहीही खाल्लेलं नव्हतं.

बेडूक जे हलतं तेवढंच खातो. समोर मेलेल्या किड्यांची रास ओता, तो उपाशी बसेल. आणि डोळा अधू झाल्यावर तर किडा नुसता हलून भागत नाही, चांगला तडातडा उडावा लागतो. घड्याळवाले रोज दुपारी फोन करायचे. "टबातले दिले. हलतात पण मरगळलेले. त्याला दिसत नाहीत बहुतेक."

म्हणून त्या सकाळी किडेताईने ठरवलं, की शिल्लकला टबातले द्यायचेच नाहीत. पळालेले द्यायचे. जो झाकणाच्या फटीतून निसटतो, रात्रभर घर पालथं घालतो, त्याच्याइतका तरतरीत किडा टबात सापडत नाही. ओट्याखालचा ट्रे झटकला, रॅकमागचा झटकला. एकूण तेरा निघाले. पिवळी पट्टी खिळ्यावरून काढून तिने एकेकाला मापलं, चार मोठे एका वाटीत बाजूला काढले. उरलेले नऊ एकसारखे, चकचकीत, पाय ताठ असलेले. पुडीत घोळवताना दोघांनी थेट तिच्या चष्म्यावर उडी मारली. ती स्वतःशीच हसली. बाकीच्या गिऱ्हाइकांचे डबे तिने नेहमीसारखे टबातले भरले.

दुपारी बाराला घड्याळवाले आले. दाराबाहेरच उभे राहिले, नेहमीसारखे. डबा कानाशी धरला.

"हे तर मिरवणूक काढतायत आत," ते म्हणाले.

"आज खाईल बघा," किडेताई म्हणाली. "खाल्लं नाही तर माझं नाव बदला."

"सहाला देतो. दुकान बंद करून घरी गेलो की लगेच."

चार वाजता किडेताई झाडू मारायला ओट्याखाली वाकली. तिथे सकाळी बाजूला काढलेल्यांपैकी एक मोठा रातकिडा पडला होता. वाटीतून पुन्हा निसटला असावा. तो पाठीवर होता. पाय आखडत होता, सोडत होता, पुन्हा आखडत होता. ती वाटीकडे गेली. वाटीतल्या तिघांपैकी दोन तसेच पाठीवर.

म्हातारा होऊन मरणारा रातकिडा असा मरत नाही, तो बसल्या जागी गप्प होतो. ती गुडघ्यांवर बसली आणि मोबाइलचा उजेड आधी ओट्याखाली, मग मागे गॅलरीत मारला. भिंतीच्या कडेला, पाइपाशी, रॅकच्या पायाशी तपकिरी रंगाचे मसुराएवढे ठिपके होते. एका ठिपक्याची कड कुरतडलेली दिसत होती.

"अगं ए," तिने हाक मारली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "हे ठिपके कसले?"

भावजय हात पुसत आली. "झुरळांचं औषध. काल दुपारी लावलं. परवा तीन झुरळं दिसली मला. पाकिटावर लिहिलंय, खाऊन गेलं की एक-दोन दिवसांनी मरतं, आणि त्याला जे खाईल तेही मरतं. चांगलं आहे, वास पण नाही."

"मला विचारायचं नाहीस?"

"तुम्हाला कशाला विचारू? झुरळं तुम्ही पाळली आहेत का?"

किडेताई ओट्याखालीच बघत राहिली, तेव्हा भावजयीनेही खाली पाहिलं. पाठीवर पडलेला रातकिडा तिला दिसला. मग सकाळी उचलायचा राहून गेलेला ओट्याखालचा अंड्याचा ट्रे दिसला. ती हुशार बाई होती.

"वन्सं," ती सावकाश म्हणाली, "एकही बाहेर येत नाही ना?"

"रोज येतात," किडेताई म्हणाली. "रोज पकडते. आजचे शिल्लकला दिले."

भावजयीच्या तोंडचं पाणी पळालं. भांडायला एवढं मोठं कारण मिळालं असूनही ती भांडली नाही, यावरून काय ते समजा. ती म्हणाली, "फोन लावा आधी."

फोन वाजत राहिला. घड्याळवाले काम करताना फोन खणात टाकतात, घंटा ऐकून हात दचकतो म्हणून. किडेताईने चारदा लावला. पाचव्यांदा लावता लावता तिने चपला घातल्या होत्या.

बस मिळाली, पण दोन थांब्यांनंतर रस्ता खोदलेला. गाड्या जागच्या जागी उभ्या. चालक खिडकीबाहेर डोकं काढून कुणाशी तरी वाद घालत होता. पाच वाजायला आले होते. किडेताई सीटच्या दांड्याला धरून मनात हिशोब करत होती. सहाला देणार म्हणाले. सहाला म्हणजे सहालाच, घड्याळवाला माणूस. साडेपाचला दुकान बंद. त्याआधी पोचलं पाहिजे. नऊतले किती जण ते खाऊन आले असतील? कदाचित एकही नाही. कदाचित सगळे. तिने पुढे जाऊन दार उघडायला लावलं आणि उतरून चालू लागली, मग अर्धं पळू लागली. वय वर्षं पासष्ट, गुडघे दोन्ही तक्रारीचे, तरी पळाली.

पाच वाजून दहा मिनिटांनी ती दुकानाशी पोचली. शटर खाली होतं.

शेजारच्या चष्म्याच्या दुकानातली बाई काच पुसत होती. "घड्याळवाले? ते आज साडेचारलाच गेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा लवकर बंद केलं हो. डबा कानाला लावला होता. म्हणाले, किडे इतक्या उड्या मारतायत, की सहापर्यंत धीर निघत नाही."

"घर कुठे त्यांचं?"

चष्मेवाली बाई थांबली. "तुम्हाला ठाऊक नाही? मला वाटलं, तुम्ही जाता-येता."

ती कधी गेली नव्हती. शिल्लक आधी दुकानाच्या काचेतच असायचा, तो घरी जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हा घड्याळवाले म्हणाले होते, या एकदा बघायला. ती हो म्हणाली आणि गेली नाही. एकटा पुरुष, एकटी बाई, लोक काय म्हणतील, असं काहीबाही. खरं तर लोकांना काही पडलेलं नव्हतं. तिलाच पडलेलं होतं.

"पाण्याच्या टाकीमागे," बाई म्हणाली. "तिसरा मजला. दारावर घड्याळाचा मोठा काटा ठोकलाय, चुकायचं नाही."

तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला धाप लागली होती. काटा दिसला. तिने बेल वाजवली नाही, दारच बडवलं.

दार उघडलं. घड्याळवाल्यांचा चेहरा असा फुलला होता, की चौदा वर्षांत तिने तो तसा पाहिला नव्हता.

"खाल्ले!" ते म्हणाले. "तुम्हाला कसं कळलं? आत्ता, पाच मिनिटं झाली! एकवीस दिवसांनी! झडप घातली हो त्याने, तरण्यासारखी. दोन खाल्ले!"

हा आनंद आपणच त्यांना दिला आणि आता आपणच काढून घ्यायचा. क्षणभर, फक्त क्षणभर, तिच्या मनात आलं की गप्प बसावं. दोनच तर किडे. कदाचित काही होणारही नाही. नऊ वर्षं रोज सकाळी ती अशीच गप्प बसत आली होती.

"त्या किड्यांत विष असेल," ती म्हणाली. "झुरळांचं औषध. ते माझ्या घरात पळालेले किडे होते. चूक माझी आहे. डबा द्या."

त्यांच्या चेहऱ्यावरून हसू हळूहळू उतरलं. त्यांनी डबा आणून दिला. तिने मोजले. सहा.

"नवातले दोन खाल्ले. सातवा कुठे?"

"झाकण उघडल्यावर दोघं उडाले. एक पकडला. दुसरा..." ते गोंधळले. "त्याच्या टबाकडेच गेला. मला लांबचं नीट दिसत नाही. त्याने खाल्ला असेल, नाहीतर खोलीत असेल."

"चिमटा आणा. टोकं बोथट असतील असा. आणि वाटीभर पाणी."

घड्याळवाल्यांकडे प्लॅस्टिकच्या टोकांचा चिमटा होता, काचेवर चरा न उमटवता तबकडी उचलायचा. तो आणला. तोंड उघडं ठेवायला काहीतरी मऊ हवं होतं, तेव्हा त्यांनी मनगटी घड्याळाच्या जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा ओला करून दिला. कपाळावरचं भिंग खाली ओढलं आणि दिवा जवळ घेतला.

किडेताईने टबात हात घातला. शिल्लक जड झाला होता, थंड, मऊ, तिच्या मुठीत न मावणारा. तिच्या डाव्या हाताला कुणी काही सांगावं लागलं नाही. मागचे पाय करंगळी आणि अनामिकेत अडकले. तर्जनी नाकावर गेली, डोकं वाकलं. आणि अंगठा आपोआप सरकत मानेमागच्या त्या खळग्यावर जाऊन थांबला.

ती गोठली. चौदा वर्षांनी हात तीच जागा न बघता शोधत होता. बेडूक अगदी शांत झाला होता, तेही तसंच, नेहमीसारखं. तिला तिथल्या तिथे त्याला खाली ठेवून पळून जावंसं वाटलं.

"बाई," घड्याळवाले हळूच म्हणाले, "थांबलात का?"

"या पकडीत बेडूक हलत नाही," ती म्हणाली, त्यांना की स्वतःला ते कळेना. तिने अंगठा उचलला, खळग्यावरून काढून जबड्याखाली घेतला. "पट्टा सरकवा. हळू. बाजूने, समोरून नको."

तोंड उघडलं. घड्याळवाल्यांनी पट्ट्याचा तुकडा दोन बोटांनी असा धरून ठेवला, जसा ते बारीक चाकाचा आस धरत असतील. तिने दुसऱ्या हाताने पोट चाचपलं. बेडकाचं पोट कुठे असतं, डावीकडे किती वळतं, हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. इतक्या वेळा उघडून पाहिलं होतं. तिने खालून वर अगदी हलका दाब दिला. एकदा. दुसऱ्यांदा. घशाशी काहीतरी काळं दिसलं.

"आलं," ते कुजबुजले. "जरा डावीकडे. आणखी. हां, पाय धरू नका, तुटेल. अंगाला धरा."

पहिला रातकिडा अख्खा निघाला, चिकट, एक मिशी अजून हलत होती. दुसऱ्याला तीनदा प्रयत्न करावा लागला. तो आला तेव्हा त्याचा एक पाय नव्हता. तो पाय तिने पुन्हा आत चिमटा घालून काढला. तिसरा मात्र हाताला लागेना. पोट मऊ लागत होतं, पण मऊ म्हणजे रिकामंच असं नाही. आणखी आत जाणं धोक्याचं होतं.

"बस," ती म्हणाली. "याच्यापुढे मीच त्याला मारेन."

शिल्लकचं तोंड पाण्याने धुऊन त्यांनी त्याला टबात सोडलं. तो त्यांच्याकडे पाठ करून, अंग फुगवून बसला. भयंकर रागावला होता आणि त्याचा राग अगदी रास्त होता.

मग दोघांनी खोली शोधली. पलंगाखाली, कपाटामागे, चपलांत, पडद्याच्या घडीत. एक कोपरा राहिला नाही. भिंतीवर अकरा घड्याळं टिकटिकत होती आणि सगळी बरोबर वेळ दाखवत होती. सातवा रातकिडा नव्हता. सात वाजले तेव्हा दोघं टबासमोर दोन खुर्च्यांवर बसले आणि बेडकाच्या पायांकडे बघत राहिले. पाय आखडतो का, एवढंच बघायचं होतं.

घड्याळवाले म्हणाले, "एक विचारू? पळालेले किडे मलाच का दिलेत?"

"सगळ्यांत चांगले होते म्हणून."

ते हातातलं भिंग पुसत राहिले.

"तुम्ही मला बोला," किडेताई म्हणाली. "काहीही बोला, पण बोला. या हाताने किती मारले त्याला गणती नाही. हा एक तेवढा राहिला होता. त्यालासुद्धा मीच निवडून, मापून, पुडीत घोळवून..." ती तशीच बसून रडली, पदर नाही, रुमाल नाही, मनगटाने डोळे पुसत. घड्याळवाल्यांनी उठून पाणी आणलं, तिच्या शेजारी ठेवलं आणि पुन्हा टबाकडे तोंड करून बसले.

आठला ती निघाली. रात्रभर थांबते असं तिला म्हणायचं होतं, पण जीभ रेटली नाही. ते म्हणाले, मी जागा आहे.

घरी भावजयीने ओट्याखालचे, रॅकमागचे, पाइपाशी लावलेले सगळे ठिपके चमच्याने खरवडून काढले होते आणि फरशी तीनदा धुतली होती. हात लाल झाले होते. ती जेवायची थांबली होती. दोघींनाही घास उतरला नाही.

"मी तुला खोटं बोलले," किडेताई म्हणाली. "नऊ वर्षं."

"मला ठाऊक होतं का नव्हतं ते जाऊ दे," भावजय म्हणाली. "पण पकडलेले परत विकता, हे ठाऊक नव्हतं. नाहीतर जीव गेला असता तरी लावलं नसतं हो औषध."

पहाटे किडेताई उठली, पण ट्रे झटकले नाहीत. फोन समोर ठेवून बसली. जीव नुसता टांगणीला लागला होता. साडेसहाला फोन वाजला. घड्याळवाले सकाळी कधीच फोन करत नसत. तिने उचलून कानाला लावला.

"सापडला," ते म्हणाले. आवाज बसला होता. "सातवा. मोठ्या घड्याळाच्या पेटीत, लंबकाखाली. पाठीवर पडलाय. त्याच्या पोटात होतं ते औषध, नक्कीच."

"आणि तो?"

"तो काचेला नाक लावून बसलाय. माझं बोट हललं, की वळून बघतो. भूक लागलीय त्याला. काल तोंडातला घास काढलात ना त्याच्या." मागे अकरा घड्याळं वाजत होती. "मी दुकान उघडत नाही आज. गॅलरीतल्या कुंडीत गांडुळं आहेत. फवारलेलं काही नाही, झाडं मीच लावली आहेत. पण त्याला केवढं चालेल ते मला कळत नाही. निवडायला तुम्हीच या. घरी."

किडेताईने फोन ठेवला. दाराशी जाऊन खिळ्यावरची पिवळी पट्टी काढली. भावजय स्वयंपाकघरातून डोकावली. तिचे केस बांधायचे राहिले होते आणि हातात अंड्याचा ट्रे होता, अंगापासून चार हात लांब धरलेला.

"आठ आहेत यात," ती म्हणाली. "एक माझ्या चपलेत होता. यांचं काय करू?"

"गच्चीवर सोडून ये," किडेताई म्हणाली. "आजपासून पळाला तो सुटला." ती चपला घालून निघाली, हातात डबा नव्हता, नुसती पट्टी होती.